एल्याशीबची नजर

"नुसतं 'शुद्ध' म्हणा ना, काका. एका शब्दाचा तर प्रश्न आहे," लांब उभी राहून तिर्सा म्हणाली.

एल्याशीब याजक तिच्या नवऱ्याच्या उघड्या पाठीवर वाकला होता. मल्कीया कुंभार. काही वर्षांपूर्वी त्याच्या पाठीवर महारोगाचा डाग उठला तेव्हा एल्याशीबनेच त्याला 'अशुद्ध' ठरवून गावाबाहेर पाठवलं होतं. त्याचं चाक थांबलं, घर ओस पडलं; पण आळीतल्या एकाही लेकराला तो रोग शिवला नाही. एल्याशीब मात्र अधूनमधून त्याच्या खोपटाकडे जायचा, थोडं अंतर राखून बसायचा, कोणाची शेळी व्याली, कोणाचं भांडण मिटलं ते सांगायचा. लोक नाक मुरडत. तो म्हणायचा, "बाहेर काढलाय तो रोग. माणूस आपलाच आहे."

आता डाग गेलाय, असं मल्कीया सांगत होता; पण याजकाने 'शुद्ध' म्हटल्याशिवाय त्याला गावात परतता येत नव्हतं. एल्याशीबला पाठ दिसत होती, धुक्यातल्या टेकडीसारखी. डागाच्या जागचे केस काळे की रोगाने पांढरे पडलेले, काही केल्या कळेना.

तो सरळ झाला. "मला दिसत नाही."

"अहो, पण आम्हाला दिसतंय ना," तिर्सा काकुळतीने म्हणाली. "कोण विचारायला येतंय?"

"मी त्याला अशुद्ध म्हटलं तेव्हा तू माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवलास, पोरी. आज न बघता शुद्ध म्हटलं, तर तेव्हाचं तरी खरं कशावरून?"

त्याच दिवशी त्याने वेशीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना सांगून टाकलं, की यापुढे कोणाचा डाग घेऊन माझ्याकडे येऊ नका. ते घरी एल्याशीबच्या बायकोच्या कानावर आलं. गावचा याजक म्हणून मिळणारा मान त्या एका वाक्यात गेला होता, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत शेजारच्या गावी गेला. तिथला तरुण याजक हनामेल टाळाटाळ करू लागला. "तुमच्या गावचा रोगी, काका. तुम्हीच बघा की."

"दिसत असतं तर तुझ्या दारात आलो असतो का?"

 हनामेलने पायांत वहाणा सरकवल्या.

खोपटापाशी येऊन त्याने मल्कीयाला उन्हात उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत बारकाईने पाहिलं. एल्याशीब बाजूला उभा होता; त्याने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. अखेर हनामेल म्हणाला, "रोग गेलाय." विधीप्रमाणे दोन पक्षी आणले, एक मारला, एक रानात सोडला. मल्कीयाने अंगावरचे केस उतरवले, कपडे धुतले, वाहत्या पाण्यात डुबकी घेतली.

तिर्सा आधीच गावाकडे धावत सुटली होती, चूल पेटवायला. हनामेलही पुढे गेला. उतरणीवर एल्याशीबची काठी दगडात अडकली आणि तो अडखळला. मल्कीयाचा हात पुढे झाला. मग इतक्या वर्षांच्या सवयीने मागे गेला.

एल्याशीबने हवेत चाचपून तो हात शोधला आणि घट्ट धरला.

"चल," तो म्हणाला. "मला घरापर्यंत सोड."