डांगराला पहिली सुरी

नऊ डांगरं समोरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती आणि घरात एक बाप्या नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, डांगराला बाप्या कशाला लागतो? तर पडेगावच्या त्या गल्लीतली रीत अशी की अख्खं डांगर, म्हणजे लाल भोपळा, बाईनं चिरायचं नाही. डांगर म्हणजे घरातला थोरला ल्योक. बाईनं त्याला पहिली सुरी लावली की थोरल्यावर येतं. म्हणून पहिला काप बाप्यानं द्यायचा. मग सोलायचं, किसायचं, शिजवायचं, वाढायचं आणि खरकटं काढायचं ते बाईनं. बाप्याचं काम एवढंच, एक काप. पण तो काप पडल्याशिवाय चूल पुढं सरकत नाही.

द्वारकाबाईनं तीस वर्षं ही रीत मुकाट पाळली. आधी नवरा काप द्यायचा. तो वारल्यावर भिंतीपलीकडं राहणारा दीर, वैजनाथ. नवऱ्यामागं तिनं आपल्या वाट्याच्या ह्या समोरच्या खोलीत शेगडी मांडली होती. पापड, शेवया, सणावाराचं गोडधोड करून द्यायची. एकुलती लेक अनसूया वैजापूरला नांदत होती. खोली आणि शेगडी, एवढंच काय ते द्वारकाबाईचं स्वतःचं.

त्या खोलीवर वैजनाथचा दोन वर्षांपासून डोळा होता. त्याला ती मोबाईलवाल्याला भाड्यानं द्यायची होती. वाटा वहिनीचा, म्हणून तोंड उघडून मागता येत नव्हतं. पण शेगडी विझली की खोली आपोआप मोकळी होणार, हे त्यानं ताडलं होतं.

तर ही डांगरं आली कुठून? गल्लीच्या तोंडाशी पूर्वी ज्वारी उभी राहायची, तिथं आता सोसायटी उभी होती. तिथल्या कालिंदी मॅडम चार दिवसांपूर्वी आल्या होत्या.

"द्वारकाबाई, एकतीस तारखेला मुलांचं हॅलोविन आहे."

"कुणाचं?"

"हॅलोविन. परदेशातला भुतांचा सण. मुलं भुतं बनून दारोदार फिरतात, खाऊ मागतात."

"आमच्या गल्लीत बारा महिने फिरत्यात की. खाऊबी मागत नायत, नुसतं रगत पित्यात."

मॅडम हसल्या. मग त्यांनी सांगितलं, साठ पोरं आहेत. नऊ भोपळे कोरायचे, त्यांना डोळे, नाक, तोंड करायचं आणि त्यांच्या पोटात खाऊ भरायचा. बेकरीचा रंगीत केक नको, घरचं काहीतरी हवं. हे जमलं तर दिवाळीचा अख्ख्या सोसायटीचा फराळ तुमच्याकडंच.

"आन् आतला गर?"

"तो टाकून द्यायचा."

द्वारकाबाईचा जीव चरकला. "टाकायचा? बाई, अन्न हाय ते. त्याचेच घारगे करते. शेंगदाण्याचे डोळे लावते. आन् शंकरपाळ्याच्या पिठाची बोटं वळते, बदामाची नखं लावून. चेटकिणीची बोटं. पोरं आधी भितील, मग खातील."

मॅडमनी टाळीच वाजवली.

तीस तारखेला शहागंजच्या बाजारात भाजीवाल्या फकिरानं नऊ डांगरं पोत्यात भरता भरता विचारलं होतं, "मावशी, लगीन है क्या घर में? काट के देऊं?"

"नको रे. आत्ता कापली तर सुकतील. घरी दीर हाय माझा."

चुकली ती इथं. दिराच्या भरवशावर अख्खी डांगरं घेऊन आली.

एकतीस तारखेला सकाळी वैजनाथ आला. कमरेला सुरी खोचलेली, मिशीला तेल. उंबऱ्यावर बसला. डांगराकडं बघितलं, सुरीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि सुरी परत कमरेला खोचली.

"वहिनी, काप देतो. पन ही शेवटची ऑर्डर. दिवाळीपासून खोली मोबाईलवाल्याला."

"खोली माझ्या मालकाच्या वाट्याची हाय, भाऊजी."

"वाटा तुमचा, पन अब्रू समद्या घराची हाय. फिरंग्याच्या भुताला निवद करायला लागली आमच्या घरची बाई. लोक तोंडात शेन घालतील."

"तुमच्या तोंडात कशापायी? घारगे मी करते."

"मंग चिराबी तुमीच." तो उठला, धोतर झटकलं. "मी बगतो कोन काप देतंय ते."

बघण्याची व्यवस्था त्यानं आधीच करून ठेवली होती. द्वारकाबाई शेजारच्या सांडूकडं गेली. सांडू सोसायटीवर रात्रीचा वॉचमन, नुकताच ड्यूटीवरून येऊन दात घासत होता. तिचं ऐकून त्यानं मान खाजवली.

"वैनी, तुमचं मीठ खाल्लंय. पन वैजूतात्या सकाळी समद्या गल्लीला सांगून गेलाय. भावकीच्या भायेर कसा जाऊ मी?"

"डांगर कापायला भावकी लागती व्हय रे?"

सांडूनं चूळ भरली आणि आत गेला. आणखी दोन दारं झाली. एकाचा हात दुखत होता. दुसरा घरात असून घरात नव्हता.

मग तिनं कालिंदी मॅडमना फोन लावला. शिकलेली बाई, तिचा नवरा इंजिनिअर. दोन मिनिटांचं काम.

"अहो द्वारकाबाई, भोपळा कापायला पुरुष कशाला लागतो?" मॅडम हसत म्हणाल्या. मग हसणं थांबलं. "म्हणजे... आमच्याकडेही सासूबाई ह्यांनाच कापायला देतात. हे पुण्याला गेलेत. मी कापला असता हो, पण माझा एकच मुलगा आहे ना."

"म्हंजी तुमीबी," द्वारकाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दहा वाजले होते. सहाला पोरं येणार. गर काढायचा, किसायचा, गुळात शिजवायचा, पीठ मुरवायचं, थापायचं, तळायचं. ती डांगरांसमोर बसली. त्यातलं एक बुटकं, एका अंगाला चेपलेलं होतं. त्याच्याकडं बघता बघता तिला तिचा अंकुश आठवला.

अंकुश तिचा थोरला. खरं म्हणजे थोरला आणि धाकटा, सगळा तोच. नऊ वर्षांचा असताना तापानं गेला, पाच दिवसांत. त्याच्या आदल्या आठवड्यात घरात डांगराची भाजी झाली होती. पहिला काप त्याच्या बापानं दिला होता, रीतीप्रमाणं. तिनं सुरीला हातसुद्धा लावला नव्हता. तरी पोरगं गेलं. आणि तेराव्याला आलेल्या बाया माजघरात कुजबुजल्या, "कवातरी चोरून कापलं असंल तिनं." तिनं ते ऐकलं होतं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, आणि त्यानंतरही वीस वर्षं दर डांगराला बाप्या शोधला होता.

वीस वर्षं! कुणासाठी? थोरला गेला. धाकटा झालाच नाही. राखायचं काय उरलं होतं?

ती उठली. फळीवरचा सुरा काढला, पायरीच्या दगडावर पाणी टाकून चार वेळा घासला. चेपलेलं डांगर अंगणात आणून दोन्ही पावलांत धरलं. देठाभोवती टोक टेकवलं. हात थरथरला, खोटं कशाला सांगायचं. मग तिनं दात आवळले आणि सगळं अंग सुऱ्यावर टाकलं.

कर्रर्र!

अंगणाच्या भिंतीवरून किंकाळी आली. पलीकडून साळूबाई, वैजनाथची बायको, डोकावत होती. "आक्का! आवं आक्का, काय केलं हे! आवं घरात आता थोरला म्हंजी माझा सदाशिव हाय!"

द्वारकाबाईनं देठाची टोपी उचलली. आतून केशरी गर, ओल्या बिया आणि पावसाळी मातीसारखा वास. दुसरं काही निघालं नाही. तिनं दुसरं डांगर ओढलं.

तिसऱ्यावर वैजनाथ धावत आला. पायात एकच चप्पल.

"वहिनी! सुरा खाली ठेवा! माझ्या पोराचा जीव घेता का?"

"मंगाशी तुमीच म्हनले ना, चिरा म्हनून?"

"म्हनायचं म्हनून म्हनलो! तुमी खरंच..."

"सदाशिवाला फोन लावा."

"आं?"

"लावा फोन. जिता हाय का मेला बगा. मी तंवर चौथं घेते."

वैजनाथनं फोन लावला. घंटी वाजत राहिली. एकदा, दोनदा, पाचदा. भिंतीवर साळूबाईनं पदर तोंडात कोंबला. सहाव्या घंटीला तिकडून नगरच्या हॉस्टेलवरचा आवाज आला, तोंडात घास घेऊन, "काय पप्पा? मिसळ खाऊ राह्यलो ना!"

"बरा हायेस का रे?"

"बरा हाय. मिसळ लई तिखट हाय. का?"

वैजनाथनं फोन बंद केला. मग पुन्हा मिशी ताठ केली. "आत्ता बरा हाय. उद्या काय झालं तर?"

द्वारकाबाई सुरा हातात घेऊनच उभी राहिली. सुरा कुणावर रोखला नव्हता, पण खालीही ठेवला नाही.

"उद्या काय झालं तर दवाखान्यात न्या. माझ्या अंकुशाला ताप भरला तवा तुमीच म्हनले होते, अंगारा लावा, उतरंल. त्या डांगराला सुरी तुमच्या भावानं लावली होती, मी नाय. तरी समद्यांनी बोट माज्याकडं केलं. तुमीबी केलं. सदाशिव माझ्या मांडीवर वाढला, भाऊजी. त्याचं वाईट व्हावं म्हनून मी सुरी धरन का? तुमाला पोराची काळजी नाय. खोलीची काळजी हाय. तुमचा काप म्हंजी माझ्या गळ्यातलं दावं हाय, आन् ते मी आज कापलं. जावा आता. कढई तापायची हाय."

गल्ली दारात येऊन उभी होती. सांडूही होता. वैजनाथनं खाली बघितलं, एका पायात चप्पल नाही हे त्याला तेव्हा कळलं. तसाच गेला.

मग द्वारकाबाईनं मागं वळून बघितलं नाही. नऊ डांगरं कोरली. एकाचं तोंड मिशीवाल्यासारखं झालं, ते तिनं तसंच राहू दिलं. गर गुळात रटरटला, जायफळ पडलं. घारग्यांना आधी डोळ्यांची भोकं पाडली तर ते फुगेनात, म्हणून शेंगदाणे दाबले, मग टम्म फुगले. बोटं तळली. बियासुद्धा टाकल्या नाहीत, तिखटमीठ लावून तव्यावर परतल्या. सहाला सोसायटीत पांढऱ्या चादरी पांघरलेली साठ भुतं घारग्यांवर तुटून पडली. एका एवढ्याशा चेटकिणीनं बोट चावून विचारलं, "आजी, हे कुणाचं बोट आहे?"

"लोकांकडं बोट दाखवनाऱ्याचं," द्वारकाबाई म्हणाली. "खा तू."

कालिंदी मॅडमनी एक घारगा उचलून खाल्ला. मग म्हणाल्या, "दिवाळीचा फराळ तुमच्याकडेच. आणि... पुढच्या वर्षी भोपळे कापायला मी येईन." द्वारकाबाईनं मान हलवली. येईल तेव्हा खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथ वैजापूरच्या मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात गेला, आणि मागच्या दारानं साळूबाई आली. पदराखाली काहीतरी गोल झाकलेलं. ओट्यावर ठेवलं. डांगर.

"आक्का, भाजी करायची व्हती. हे गावाला गेलेत. तुमी लावता का सुरी? तुमचा हात आता..."

"माझा हात काय? मी काय ह्या गल्लीचा नवा बाप्या झाले व्हय?" द्वारकाबाईनं फळीवरचा सुरा काढला आणि मुठीच्या बाजूनं जावेपुढं धरला. "घे."

साळूबाई मागं सरकली. "आवं पन सदाशिव..."

"फोन कर त्याला आदी."

"केला व्हता सकाळी."

"काय म्हनला?"

"झोपू दे म्हनला."

"मंग?"

साळूबाईनं बाहेर बघितलं, आत बघितलं. मग खाली बसली, डांगर दोन्ही पावलांत धरलं, अगदी काल भिंतीवरून बघितलं होतं तसं. सुऱ्याचं टोक देठापाशी टेकवलं.

"आक्का, हात कापतोय वो."

"माझाबी कापला व्हता," द्वारकाबाई म्हणाली. "दाब."