चौदा एकरांची पाहणी

पाहणीचं पत्र आलं तेव्हा मी शिलाई मशीनवर होते. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावत होते आणि कॅप्टन जिन्यातूनच ओरडत वर आले, "वहिनी! मंगळवारी पाहणी! मंगळवारी सकाळी दहाला!" सत्तरीचा माणूस, एरवी एकेक पायरी चढताना कुरकुरतो, आणि त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या एकदम. माझं बोट सुईखाली जाता जाता राहिलं. मी मशीन थांबवलं, पत्र हातात घेतलं आणि बाई गं, मला हसूच आवरेना. तीन वर्षं त्या कागदाची वाट बघत होतो आम्ही!

तुम्हाला आधी जागेचं सांगते. शहर संपतं तिथे एक तळं आहे. तळ्याकाठी चौदा एकर सरकारी जमीन. पूर्वी तिथे माशांची पिल्लं वाढवायचं सरकारी केंद्र होतं, ते बंद पडून वीस वर्षं झाली. एक गंजलेलं फाटक, पत्र्याची शेड, आणि तिथून पाण्यापर्यंत नुसतं गवत. आमच्याकडच्या बावीस माजी सैनिकांना ती जागा हवी होती. तिथे गळ टाकून बसायचं, तंबू ठोकायचे, सुट्टीला बायकापोरांना घेऊन यायचं, बास. सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी कॅप्टनना, म्हणजे या बाविसांच्या म्होरक्याला, विचारलं होतं, "पण तुम्ही तिथे करणार काय?" कॅप्टन म्हणाले, "काही नाही. जन्मभर लोकांनी सांगितलेलं केलं, आता काहीच करायचं नाही." साहेबांनी शेरा मारला: उद्देश अस्पष्ट.

मग हे लोक धरणं धरून बसले. आता धरणं म्हणजे कसं, घोषणा हव्यात, आरडाओरडा हवा, रस्ता अडायला हवा. यांचं सगळंच सरळ! कार्यालयाच्या पायऱ्यांच्या कडेला एका ओळीत बसायचे, दर दोन तासांनी पाळी बदलायची, जाताना पायऱ्या झाडून जायचे. चार महिन्यांनी तिथला शिपाई मला म्हणाला, "ताई, फार चांगले लोक आहेत हो, यांची पाळी बदलली की आम्ही जेवायला उठतो." मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी मीच बावीस घरांतल्या बायका गोळा केल्या आणि साहेबांच्या खोलीत शिरले. त्यानंतर कुठे फाईल हलली.

माझी एवढी धडपड कशासाठी, तर आमच्या ह्यांच्यासाठी.

ह्यांना सगळे इंचभाऊ म्हणतात. फौजेत हे जमिनीत पुरलेले सुरुंग काढायचे. पोटावर पालथं पडायचं, हातातली लोखंडी सळई तिरकी जमिनीत घालायची, एक इंच पुढे, परत घालायची. एकोणीस वर्षं हेच. हातपाय शाबूत घेऊन घरी आले, पण मातीवर पाऊल टाकेनात. डांबर चालतं, फरशी चालते, गवत दिसलं की उभे राहतात. मी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. "इथे काही नाही हे मला कळतं गं, पायाला कळत नाही," म्हणायचे. मुलीच्या शाळेचे खेळ असायचे मैदानात, आणि हे कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहून टाळ्या वाजवायचे. ती शर्यत जिंकली तेव्हा पळत बापाकडे आली आणि तारेच्या जाळीतून बोटं घालून हात मिळवले दोघांनी. तेव्हाही मी चिडले होते, आता आठवलं तरी चिडते. एकदा सार्वजनिक बागेत सळई घेऊन गेले, तर रखवालदारानं हिरवळीला भोकं पाडतात म्हणून बाहेर काढलं.

तळ्याकाठी कोणी हटकणारं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कॅप्टन सगळ्यांना घेऊन दर रविवारी तिथे जायला लागले. बाकीचे शेडपुढे पत्ते खेळायचे आणि हे फाटकाशी पालथे पडून सळई घालायचे. इंच इंच! कोणी हसलं नाही. तपासून झालं की दोन्ही कडांना नारळाएवढे दगड ठेवायचे, चुन्यानं पांढरे केलेले. म्हणजे इथवर साफ. दोन वर्षांत फाटकापासून पाण्यापर्यंत वाट झाली, दोन हात रुंद, दोन्ही बाजूंना पांढरे दगड. त्या वाटेवरून हे चालतात. गवतातून! पहिल्यांदा पाण्यात पाय बुडवले तेव्हा बाकीचे सगळे म्हातारे शिट्ट्या मारत होते. दगडांच्या बाहेर मात्र यांनी पाऊल टाकलं नाही, आणि मलाही टाकू दिलं नाही. आता ही जागा दुसऱ्या कुणाला गेली तर तिथे हॉटेल होणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे हे परत फरशीवर. मला ते नको होतं.

तर मंगळवारी पाहणी. आणि फौजेतल्या माणसाला पाहणी म्हटलं की काय सुचतं? घासायचं!

शनिवार, रविवार, सोमवार. मेसवाल्यांनी, म्हणजे ज्यांनी फौजेत तीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं त्यांनी, फाटक घासून रंगवलं. शेडला चुना लागला. पुढचं अंगण सारवल्यासारखं गुळगुळीत. जुन्या फळ्यांची बाकं झाली, दोरी धरून एका रेषेत मांडली. मोठ्ठी पाटी आली, "माजी सैनिक विरंगुळा". मी तरी कमी का? दुकानातल्या चिंध्या जोडून चाळीस मीटर पताका शिवल्या. ह्यांनी सगळ्या दगडांना नव्यानं चुना लावला. सोमवारी संध्याकाळी जागा अशी चकाचक दिसत होती की मी कॅप्टनना म्हणाले, "आता नाही म्हणायची कुणाची टाप आहे!"

पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय ते बावीस जणांपैकी एकानंही वाचलं नाही. मीही नाही.

दहाच्या ठोक्याला जीप आली. पाहणीच्या बाई उतरल्या, चाळिशीच्या, काखेत फाईल, पायात मळके बूट. फाटकाच्या दोन्ही बाजूंना सगळे इस्त्रीच्या कपड्यांत ताठ, छातीवर पदकं. कॅप्टननी सॅल्यूट ठोकला. बाईंनी पताका पाहिल्या, पाटी पाहिली, बाकं पाहिली. चेहरा उतरत चालला होता आणि मला वाटलं, भारावल्या.

"ही जागा तुमच्या ताब्यात कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली, मॅडम!" कॅप्टन छाती काढून म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. मग फाईल उघडून एक ओळ वाचून दाखवली. जागा रिकामी व विनावापर असावी. मंजुरीपूर्वी अर्जदारानं केलेलं बांधकाम, खुणा वा वापर आढळल्यास अर्ज बाद.

आमच्या तोंडचं पाणीच पळालं. वर पताका फडफडत होत्या. मी शिवलेल्या!

"अहो मॅडम, आम्ही तर तुमच्यासाठीच साफ केलं," मेसवाले म्हणाले.

"ते दिसतंय हो. इथे विचारलंय जागा रिकामी आहे काय, हो किंवा नाही. मी आत्ता लिहिलं तर 'नाही' लिहावं लागेल." त्यांनी पेनचं टोपण परत लावलं. "माझ्या अजून दोन पाहण्या आहेत पलीकडे. चार वाजता याच रस्त्यानं परत येईन. तेव्हा जे दिसेल ते लिहीन. एक जरी खूण दिसली तरी ती लिहीन, हे लक्षात ठेवा." आणि जीप गेली.

मग मीच ओरडले, "बघताय काय? काढा सगळं!"

काय धावपळ उडाली म्हणून सांगू! पाटी खाली, पताका खाली, बाकं उचकटली. पदकं लावलेली माणसं फाटकाला चिखल फासत होती. पण मेल्यांचा हातच वळेना. उचकटलेल्या फळ्या लांबीप्रमाणे लावून ठेवल्या! "अहो, रांगेत नको!" मी किंचाळले. "विस्कटा! घरी कपाट उघडून कसं विस्कटता, तसं विस्कटा!" मेसवाल्यांनी चार फळ्या फेकल्या, मागे सरून पाहिलं आणि हळूच एक फळी पायानं सरळ केली. मी त्यांना हाकलून दिलं तिथून. शेडवर पाला, अंगणात माती, पाला हवेत आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखायला लागलेली. तीन वाजेपर्यंत जागा पुन्हा सरकारी दिसायला लागली.

उरले दगड.

पाण्यापर्यंत दोन ओळी, कालच्या चुन्यानं चमकत होत्या. सगळे त्यांच्याशी येऊन थांबले. कुणी वाकेना. कॅप्टन म्हणाले, "राहू द्या. ती इंचभाऊची वाट आहे. बाईंना लिहायचं ते लिहू द्या." आणि बाकीच्या सगळ्यांनी माना हलवल्या. तीन वर्षांचे अर्ज, धरणं, हेलपाटे, सगळं सोडायला तयार! मला राग आला की रडू आलं ते सांगता येणार नाही. दगड उचलले तर वाट गेली, आणि नाही उचलले तर जागा गेली. मी पदर खोचला आणि पहिल्या दगडाला हात घातला.

"तू नको," हे म्हणाले. "माझे आहेत. मी उचलतो."

एकचाकी गाडा घेतला आणि फाटकापासून सुरुवात केली. डावा दगड गाड्यात, उजवा दगड गाड्यात, एक पाऊल पुढे. माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. "अहो!" मी हाका मारायला लागले. "उलटं करताय! पाण्याकडून उचलत इकडे या, नाहीतर तिकडेच अडकाल!" यांना हे माहीत नव्हतं का? एकोणीस वर्षं तेच तर केलं. सुटकेची वाट मागे राखायची, हे यांनीच मला शिकवलं. यांनी वळून पाहिलं नाही. गाडा भरला की तो ढकलत पाण्यापर्यंत जायचे, दगड तळ्यात ओतायचे आणि उरलेल्या वाटेनं परत यायचे. दर खेपेला वाट आखूड होत होती. आमच्या आणि त्यांच्यामधलं गवत वाढत होतं. कोणी पत्ते काढले नाहीत. कॅप्टन घड्याळ बघत होते.

शेवटचे दगड पाण्यात पडले आणि जीपचा आवाज आला.

बाई उतरल्या. शेड पाहिली, फळ्या पाहिल्या, फाटकाचा चिखल बोटानं पुसून पाहिला आणि ओठ दाबून हसू गिळलं. मग गवताकडे नजर टाकली. अख्खं रान, एकही खूण नाही, आणि पार टोकाला पाण्याशी एक माणूस.

"तो कोण?"

"माझा नवरा," मी म्हणाले.

"तिथे काय करतोय?"

"काही नाही," कॅप्टन घाईनं म्हणाले. "शपथेवर सांगतो मॅडम, काहीही नाही."

बाईंनी फाईल जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. जागा रिकामी आहे काय: हो. खाली सही. कॅप्टननी मेसवाल्यांना मिठी मारली, कुणीतरी टोपी उडवली, म्हातारे लहान पोरांसारखे नाचायला लागले, आणि मी नाचू शकत नव्हते, कारण हे तिथेच उभे होते. गवतात. सगळीकडे गवत.

"अगं!" यांनी हाक मारली. "ये ना इकडे! मासे दिसतायत!"

मी निघाले आणि गवताच्या कडेला येऊन थांबले. माझाच पाय उठेना. ज्या बाईनं यांना हजारदा समजावलं की गवतात काही नसतं, तिचाच! इतकी वर्षं यांच्या मागोमाग मी फरशीवरनंच चालले होते, हे मला त्या क्षणी कळलं. मागे नाच थांबला. बाईही बघत होत्या. मी डोळे ताणून वाट शोधायला लागले. इथून होती की थोडी डावीकडून?

"कुठून येऊ?" मी ओरडले.

हे हसले. मग बाजूला, जिथे कधीच सळई घातली नव्हती तिथे, चार पावलं चालत गेले. सळई हातात नव्हती. तिथे उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले.

"कुठूनही ये!"

मी चपला काढल्या आणि उजवीकडून गवतात शिरले.