थप्पी आपणहून पडत नाही

उदयसिंहला आपल्या बापाची आठवण झाली ती पिरॅमिडमुळे. एरवी कामोठ्याच्या त्या दोन खोल्यांत बाप पंख्यासारखा होता. फिरतोय तोवर वर मान करून कोण बघतंय?

उदयसिंह आठवडाभर सीवूड्सला एका ऑफिसात बसायचा आणि रविवारी जगाची रहस्यं सोडवायचा. मोबाइलवर त्याचा चॅनेल होता. पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधले, यावर एक व्हिडिओ झाला. ते वीज तयार करायचे कारखाने होते, यावर दुसरा झाला. आता तिसऱ्याचा नंबर होता. पिरॅमिड म्हणजे म्हणे धान्याची कोठारं!

"बाबा, तुम्ही तीस वर्षं धान्य बाजारात पोती रचली ना? मग तुम्ही एक्स्पर्ट. कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलायचे, बस."

कृष्णात साताऱ्याकडून आला तेव्हा पाठीवर पोतं घेतलं ते पाठ वाकली तेव्हाच खाली ठेवलं. पोती कशी रचतात हे राहू दे, पाठ कशी आहे हेही पोरानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं ठेवणीतला सदरा घातला. टोपी दोनदा काढून दोनदा घातली. आतून त्याची बायको सत्यभामा म्हणाली, "नवरदेवाला मुंडावळ्या आणू का?"

उदयसिंहनं पिरॅमिडचं उभं कापलेलं चित्र दाखवलं. कृष्णातनं चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिलं.

"ह्याला आत जागा कुठाय रं? समदा दगूडच. ह्या बिळातनं मानूस वाकून जाईल, भरलेलं पोतं जायचं न्हाय. हे गोदाम न्हाय बाळा."

"मग काय आहे?"

"थडगंच आसंल, शाळंत सांगत्यात तसं."

"अहो, आत बॉडीच मिळाली नाही म्हणतात. मग थडगं कसं?"

"बॉडी मिळाली न्हाय म्हंजे कुनी मेलंच न्हाय व्हय? आन् हे बांधताना किती मेली?"

"ते कोण बघतंय, बाबा! तुम्ही थप्पीचं बोला."

मग कृष्णात थप्पीचं बोलला. पोत्यांची शिवलेली तोंडं आत घ्यायची, एक थर उभा तर पुढचा आडवा, वर जाताना चारी अंगांनी थोडं थोडं आत सरकायचं. मग थप्पी डोंगरासारखी बसते. बोलताना त्याचे हात हवेतली पोती लावत होते. "आशी रचलेली थप्पी आपनहून पडत न्हाय. कुनी खालनं पोतं वढल्याबिगार न्हाय पडत." इथं त्याचे हात थांबले. "आमच्या सितारामवर जी पडली ना, ती..."

"कट! बाबा, सितारामकाका नको ना. सब्जेक्ट इजिप्त आहे."

सिताराम महाडकडचा, कृष्णातच्या टोळीतला त्याचा जोडीदार. एकोणीस वर्षांपूर्वी एका शेठच्या गाळ्यात तो तांदळाच्या थप्पीवर चढलेला असताना थप्पी त्याच्यासकट खाली आली. तो पिऊन चढला होता असं मुकादमानं लिहिलं आणि साक्षीदार म्हणून कृष्णातनं खाली सही केली. महिनाभरापूर्वीच सितारामनं बाबासाहेबांच्या तसबिरीला हात लावून दारू सोडली होती. साऱ्या टोळीला पेढा वाटला होता. त्यामुळे गिरजाबाईच्या घरी त्या दिवशी दोन गोष्टी आल्या, नवऱ्याचं प्रेत आणि मोडलेली शपथ. दुसरीनं ती जास्त करपली. तिनं भिंतीवर त्याचा फोटो लावला नाही.

खरं एवढंच होतं, की ट्रक उभा होता, शेठ ओरडत होता, वरून एकेक पोतं उतरवायला वेळ लागत होता. म्हणून खालच्या थरात हूक घातला आणि ओढला. घालणारा कृष्णात.

व्हिडिओ आला. वर मोठ्या अक्षरांत, 'तीस वर्षं पोती रचणारे आजोबा सांगतात, पिरॅमिड कोठारच!' बिळाचं कापलं होतं, किती मेले ते कापलं होतं. थप्पीची रचना होती, ती पडत नाही हे होतं, आणि मागे ढोल होते. कृष्णातनं पाहिलं. गप्प बसायची त्याला जुनी सवय.

पुढच्या रविवारी सकाळी दारात गिरजाबाई उभी. नेरूळहून आली होती, लेक सोनमकडून.

"जय भीम, कृष्णातभाऊ."

"जय भीम वहिनी. या, या. आगं, चहा टाक."

"सोनमनं मोबाइलात दाकवलं तुमाला. टोपी झ्याक दिसते." ती खुर्चीच्या टोकाला टेकली. "तीनदा बघितला मी. तुमी म्हनता, थप्पी आपनहून पडत नाय."

"ते... इजिप्तचं होतं, वहिनी."

"तांदूळ आनि दगड, मला काय कळत नाय. पन तुमी बोललात, खालून ओढल्याशिवाय पडत नाय." तिनं पिशवीतून सितारामचा बाजाराचा बिल्ला काढला. त्यावर नखाएवढा फोटो. "ते त्या दिवशी प्यायले होते का? एवढंच सांगा. खोटं बोलायचं तर हितं बगून बोला."

उदयसिंह मोबाइलमधून मान वर काढून बघत होता. आत भांड्यांचा आवाज थांबला.

"न्हाय," कृष्णात म्हणाला. "थेंबसुदीक न्हाय. खालचं पोतं मी वढलं."

गिरजाबाईनं बिल्ल्यावरून अंगठा फिरवला, जणू काच धुरकटली होती.

"एकोनीस वरसं," ती म्हणाली. "पोरांसमोर मी त्यांना शपथमोडा म्हनत आले. लेकाच्या, अश्विनच्या लग्नात त्यांचं नावसुद्धा घेऊ दिलं नाय मी. तुमी त्या लग्नात जेवलात, भाऊ. दोनदा भात घेतलात."

चहा आला. तिनं कपाकडे पाहिलं नाही. उठून ती उदयसिंहकडे वळली. "बाळा, येवढ्याशा फोटोचा मोठा फोटो कुठं करून मिळतो?"

"स्टेशनजवळ... स्टुडिओ आहे, काकू."

"आनतो मी करून," कृष्णात धडपडत उठला. हात पुढे केला. "फ्रेम घालून आनतो. आज देतो, वहिनी."

तिनं बिल्ला मुठीत धरला आणि मूठ छातीशी नेली.

"नको. तुमचा हात नको लागायला त्याला."

ती जिना उतरून गेली. मग उदयसिंह हळूच म्हणाला, "बाबा, ती खालनं ओढायची लाइन कापू का? दोन मिनिटांचं काम आहे."

कृष्णातचा हात अजून तसाच पुढे होता.