मांडीवरचा योसेफ

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर खडू चालत नाही. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी लाकडी फळीवर निळं लोकरी कापड ताणून मला बनवलं. उरलेल्या चिंध्यांतून त्यांनी माणसं, मेंढरं, उंट कापले. ते माझ्या अंगाला नुसते टेकवले तरी चिकटत.

चर्चमागच्या खोलीत दर रविवारी शिकवणाऱ्या ताई मुलांना बायबलमधली एक गोष्ट सांगायच्या आणि मग म्हणायच्या, "आता तुम्ही सांगा, थोडक्यात." कोणी माझ्यावर नोहाचं तारू लावी, कोणी योनाला माशाच्या पोटात कोंबी. सगळ्यांचे डोळे माझ्यावर असत.

मग टीव्ही आला. त्याच्यावर गोष्टीतला समुद्र खरोखर दुभंगायचा. मुलं त्याच्यापुढे दाटीवाटीनं बसली आणि मी कपाटामागे गेलो. फटीतून मला मुलांची तोंडं दिसायची, त्याच्या उजेडात उजळलेली. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याला ना ऊब, ना मऊपणा. हात लावला तर ताई रागवायच्या. तरी सगळी मुलं त्याचीच.

एका रविवारी तर फारच झोंबलं. मला बनवणाऱ्या बाई, आता म्हाताऱ्या झालेल्या, नातीचा हात धरून आल्या आणि थेट टीव्हीसमोर बसल्या. माझी साधी चौकशीही नाही. योसेफाची गोष्ट चालू होती.

"आता काय झालं गं?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

पुढचा मुलगा वळून म्हणाला, "आजी, आम्हाला ऐकू येत नाही ना."

तेव्हा मला उमगलं, त्यांना दिसतच नव्हतं.

"मी आता घरीच थांबत जाईन," त्या नातीला म्हणाल्या. "उगाच मुलांचा खोळंबा."

नात उठली. तिनं कपाटामागून मला ओढून काढलं, माझी धूळ फ्रॉकला पुसली, आजीला मागच्या बाकावर नेलं आणि मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. एकेक कापडी माणूस आजीच्या हातात देत ती हळू आवाजात सांगू लागली.

आजींची बोटं एका झग्यावर थांबली. "हा योसेफ. किती रंगांचे तुकडे जोडले होते मी याला."

"हो. याच्या बाबांनी या एकट्यालाच असा झगा दिला म्हणून भाऊ जळले. त्याला खड्ड्यात टाकलं, मग विकून टाकलं."

"मग?"

"तो मिसर देशात मोठा अधिकारी झाला. दुष्काळ पडल्यावर तेच भाऊ त्याच्याकडे धान्य मागायला आले."

"आणि यानं काय केलं?"

नातीनं योसेफाला भावांच्या मधोमध चिकटवलं. "रडला. त्यांच्या गळ्यात पडला."

आजींनी सगळ्यांवरून हात फिरवला. "पुढच्या रविवारी मी सांगते, तू ऐक."

मित्रांनो, टीव्ही अजून तिथेच आहे आणि मी अजूनही जळतो. अख्खा वर्ग त्याचा, माझ्या वाट्याला एक मांडी. जुन्या वस्तू जपा, हे तर सांगायलाच हवं. माझं एक टोक उसवलंय. पण त्याआधी शेजारच्या माणसाकडे बघा. त्याला दिसत नसेल, तर त्याला गप्प बसवू नका. गोष्ट त्याच्या हातात द्या.