शून्य नंबरचा कुंचला आणि शिशाची भुतं

मित्रांनो, मला कुणी कुंचला म्हणतं, कुणी ब्रश. माझा नंबर शून्य. म्हणजे सगळ्यांत बारीक मी, आणि आता सगळ्यांत म्हाताराही मीच. लोणावळ्यात एका गंजक्या बिस्किटाच्या डब्यात मी आडवा पडून असतो. अंगावर जेमतेम सतरा केस उरलेत. पण हसू नका हं! याच केसांनी मी एके काळी भुतांना पाय काढून दिलेत.

माझा जन्म पुण्याचा. खारीच्या शेपटीचे केस, पितळेची नळी आणि लाल लाखेचा दांडा, एवढंच माझं भांडवल. अल्लाउद्दीन पेंटरनं मला दुकानातल्या ढिगातून निवडलं. पाण्यात बुडवलं, झटकलं, अंगठ्याच्या नखावर टेकवलं. माझं टोक सुईसारखं उभं राहिलं, तेव्हा तो म्हणाला, "ह्यो लय गुणी दिसतोय." त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

अल्लाउद्दीन लोणावळ्यातले टांगे रंगवायचा आणि खंडाळ्याच्या बंगल्यांच्या नावांच्या पाट्या लिहायचा. जाडजूड कामं माझे थोरले भाऊ करत. मोराच्या डोळ्यातला ठिपका आणि अक्षराची बारीक सावली मात्र माझ्याशिवाय व्हायची नाही. लोक टांग्यापाशी थबकून म्हणायचे, "काय हात आहे बुवा!" हात त्याचा होता, कबूल. पण टोक कुणाचं होतं? मी दांड्यापर्यंत फुगायचो.

आणि माझी बडदास्त काय सांगू! रोज दिवेलागणीला अल्लाउद्दीन मला आधी टर्पेंटाइनमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात. शेवटी ओठांत धरून टोक सरळ करायचा आणि डब्यात आडवा निजवायचा. (तुम्ही मात्र कुंचला तोंडात घालू नका. रंग पोटात गेलेला बरा नाही.) डब्यात उभं ठेवलेलं त्याला खपत नसे. बायकोला, हसिनाला, तो बजावून सांगे, "समदं कर, पर ह्याला डोक्यावर उभा करू नगंस. टोक मोडलं की ह्यो गेला."

एके दिवशी दारात सुभेदार दत्तोबा आले. लढाईत एक पाय गमावून ते घरी परतले होते आणि खंडाळ्यातल्या एका बंद बंगल्याची राखण करत होते. मालक फक्त मे महिन्यात यायचे. बाकीचं वर्ष सुभेदार मालकांच्या लांबलचक जेवणाच्या टेबलावर लढाया खेळायचे! भुसा आणि चुना कालवून गड केलेला, आणि जुन्या नळाचं शिसं वितळवून, साच्यात ओतून करंगळीच्या दोन पेरांएवढे सैनिक केलेले. समोर भिडू म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेला केरबा. मोजपट्टीनं चाल मोजायची, फासे टाकून वार ठरवायचा.

"भाऊ, चाळीस मावळे हायेत," सुभेदार पिशवी उपडी करत म्हणाले. "त्यातले तीस जित्ते. धा जण लढाईत पडल्यालं, पर गडाची माया सुटंना म्हणून भुतं होऊन रखवालीला आल्यालं. केरबाला ती वळखता आली न्हाईत, तर त्याच्या फौजंला चकवा लागतो. गडाभोवती गरागरा फिरत ऱ्हाती!"

"मंग भुतं वळखायची कशी? साचा तर एकच हाय."

"त्येच तर तुमास्नी इचारतोय."

अल्लाउद्दीननं एक सैनिक उचलून उलटसुलट पाहिला आणि हसला. भुताची पावलं उलटी असतात, हे मावळात कुणाला माहीत नाही? त्यानं जित्त्यांची बोटं पुढंच रंगवायचं ठरवलं. भुतांची बोटं टाचेवर काढायची आणि पुढचा चवडा टाचेसारखा गुळगुळीत ठेवायचा. सुभेदारांनी कामाच्या टेबलावर अशी थाप मारली की शिशाची फौज जागच्या जागी उडाली.

काम सुरू झालं. दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवर मेणानं एकेक सैनिक चिकटवायचा. आधी अस्तराचा रंग, मग कपडे, मग पावलं आणि सगळ्यांत शेवटी डोळे. "डोळं उघडलं की त्यो आपला ऱ्हात न्हाई, त्यो लढाईचा होतो," असं अल्लाउद्दीन म्हणायचा.

पण मित्रांनो, त्याच्या स्वतःच्या डोळ्यांचं काय झालं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. रंगाच्या डबीत मला बुडवताना तो कडेवर आपटायचा. रेघ ओढण्याआधी अंगठ्याच्या नखानं जागा चाचपायचा. नजर विझत चालली होती आणि तो कुणाला सांगत नव्हता. हसिनालाही नाही. पेंटरला दिसत नाही म्हटल्यावर त्याला पेंटर कोण म्हणणार? मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

चाळीस सैनिक एका लांब फळीवर उभे होते. खिडकीकडचे दहा म्हणजे भुतं, बाकीचे जित्ते. गुरुवारी त्यानं दहाही भुतांच्या टाचांवर बोटं काढली. त्या दुपारी हसिनानं रंग वाळावा म्हणून फळी अंगणात नेली आणि परत आणताना फळीच फिरली. खिडकीकडचं टोक दाराकडे आलं. तिच्या ते ध्यानातही आलं नाही. डोळस माणसाला काय, एका नजरेत कळलं असतं. पण अल्लाउद्दीन आता जागेवरून ओळखत होता. शुक्रवारी सकाळी तो दाराकडून सुरू झाला आणि ओळीनं तीस जणांना पुढं बोटं काढत गेला. पहिले दहा कोण होते? भुतंच! त्यांना टाचेवर बोटं होतीच, आता पुढंही आली. आणि खिडकीकडच्या दहा जित्त्यांना एकही बोट नाही. मी मनातल्या मनात ओरडत होतो, पण माझं कोण ऐकणार!

दुपारी तो जुम्म्याच्या नमाजाला गेला. हसिना फळी झाडायला वाकली आणि तिथंच थांबली.

"या अल्ला! पुढंबी बोटं, मागंबी बोटं?"

आधी तिला हसू आलं. मग हळूहळू चेहरा उतरला. फळी आपण फिरवली, हे तिला आठवलं. आणि नवऱ्याला दिसत नाही, हेही त्याच क्षणी कळलं. रविवारी खेळ होता. सुभेदारांनी ही पावलं पाहिली असती, तर बाजारभर कळलं असतं की अल्लाउद्दीन पेंटर संपला.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मला उचललं. लग्नघरी मेंदी काढणारा हात तो! बारीक, हलका. मला वाटलं होतं, परक्या हातात मी अवघडून जाईन. कसचं काय! तिनं भुतांचे चवडे गुळगुळीत केले, दहा जित्त्यांना बोटं दिली. शेवटचं बोट झालं तोच दारात चपला वाजल्या. घाईघाईत तिनं मला टर्पेंटाइनच्या डब्यात टाकलं.

डोक्यावर उभं.

दिवेलागणीला अल्लाउद्दीननं मला धुतलं, ओठांत धरलं आणि तो थबकला. माझं टोक वाकडं झालं होतं. पुन्हा पुन्हा बोटानं चाचपून तो उठला, फळीवरच्या पावलांवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला ओला रंग लागला.

"हसिना."

ती चुलीपासून उठून आली. त्यानं रंग लागलेला अंगठा पुढं केला.

"कवापास्नं ठावं हाय तुला?"

"आजच कळलं. आवो, फळी म्या फिरीवली. चूक माजी हाय."

"फळी तू फिरीवलीस. दिसलं न्हाई ते मला." त्यानं अंगठा फडक्याला पुसला. "सुभेदारास्नी सांग, दुसरा पेंटर बगा."

"न्हाई सांगायची!"

"मंग असंच करनार व्हय रोज? मी काडायचं आन् तू माज्या पाठीमागं पुसायचं? उलट्या पावलांनी भुतं येत्यात गं. तू पुढनं ये की!"

हसिना त्याच्यासमोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. "ही आले," ती म्हणाली. "आता सांगा, डोळं कसं उघडायचं?"

अल्लाउद्दीननं मला पुन्हा ओठांत धरलं, होईल तेवढं सरळ केलं आणि चाचपडत तिच्या हातात दिलं. "आदी पांढरा," तो म्हणाला. "तांदळाच्या कणीएवडा. श्वास रोकून."

शनिवारी दिवसभर तो सांगत होता, ती काढत होती आणि मी दोघांच्या मधे होतो. माझ्या सगळ्या आयुष्यात मला इतकं सुख झालं नाही.

रविवारी ती दोघं मला खिशात घेऊन खंडाळ्याला गेली. न जाणो, रंग कुठं उडालाच तर! केरबा टेबलावर गाल टेकवून पावलं निरखत होता, तरी तीन भुतं त्याच्या नजरेतून सुटली आणि त्याची फौज गडाभोवती भिरभिरत राहिली. केरबा हरला आणि पोट धरून हसला. सुभेदारांनी एक मावळा उजेडात धरला.

"अल्लाउद्दीनभाऊ, ह्या बारीला डोळं लय जित्तं उघडलंत!"

अल्लाउद्दीनचा हात खिशात माझ्यावर घट्ट आवळला. मग सैल झाला.

"माजं न्हाईत ते," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मला आता दिसत न्हाई, सुभेदार. डोळं हसिनानं उघडल्यात."

सुभेदार कुबडी टेकत उठले आणि म्हणाले, "वैनी, पुढल्या बारीला घोडदळ हाय."

पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत आली नाही. पण अल्लाउद्दीन आणखी नऊ वर्षं रोज कामावर बसला. रंग तो सांगायचा, रेघ ती ओढायची. आणि संध्याकाळी मला धुवायचं काम त्यानं मरेपर्यंत कुणाला दिलं नाही. त्याला डोळे कुठं लागतात!

तेव्हा मित्रांनो, कुंचला वापरलात तर धुवा आणि आडवा ठेवा. आणि घरात कुणाचा हात चुकायला लागला, तर त्याच्या पाठीमागं पुसत बसू नका. समोर जाऊन बसा.

आता हसिनाही थकली आहे. सैनिक रंगवत नाही. तरी दिवेलागणीला डबा उघडते, मला कोरडाच हातात घेते, ओठांत धरते आणि पुन्हा आडवा निजवते. माझं टोक त्या शुक्रवारपासून थोडं वाकडंच आहे. रोज तिच्या बोटाला ते लागतं आणि रोज ती म्हणते, "आले हं, पुढनंच आले."