अँजेलिनाची पत्रं

तांदळाची सांदणं चुलीवरून उतरवून अँजेलिना ओटीवर आली, तर पाहुणे वह्या उघडून बसले होते.

जेवायला आलेल्यांना वह्या कशाला, तिला कळेना. मुंबईत डॉक्टरी शिकणाऱ्या तिच्या भावाने, युजीनने कळवलं होतं, वर्गातले मित्र आणि सर येताहेत, कोंबडी कर. बावन्न साल, तांदूळ रेशनचे. तरी तिने हात आखडता घेतला नव्हता. वसई स्टेशनवरून दोन टांगे भरून आठ जण भुईगावात उतरले, तेव्हा ती मनातून सुखावली होती.

सर तिच्या बापाला, सिप्रियनबाबांना विचारत होते, आज वार कोणता, घरात माणसं किती. बाबा प्रत्येक प्रश्नाला नुसतेच हसत होते. गाव या दुखण्याला म्हातारचळ म्हणून मोकळा झाला होता. हे लोक तपासताहेत तरी, औषध मिळेल, असं तिला वाटलं.

मग सरांनी खिशातून कागद काढले. अक्षर तिचं होतं.

"अशा रोग्याबरोबर राहणं म्हणजे काय, ते पुस्तकात सापडायचं नाही," असं मुलांना सांगून ते वाचू लागले. आई वारल्याचं बाबा विसरतात. तिने वाढल्याशिवाय जेवत नाहीत. म्हणून मी आईचं लाल लुगडं नेसते, तिच्यासारखी हाक मारते. मग ते माझा हात धरून बायकोशी बोलावं तसं बोलतात. युजीन, हे कुणाला सांगू नकोस.

शेवटचं वाक्यही सरांनी वाचलं. मागच्या एका मुलाला हसू आवरेना.

"जरा ते लुगडं नेसून दाखवाल का?" सरांनी अगदी आदराने विचारलं.

तिने युजीनकडे पाहिलं. तो मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होता. मन मोकळं करायला तिला जगात एकच माणूस होता, आणि त्यानेच तिला चव्हाट्यावर आणलं होतं.

"धुवायला टाकलंय," ती म्हणाली आणि पानं वाढायला आत गेली. सगळे पोटभर जेवले.

टांगे आले. युजीन मागे रेंगाळला. पुढे कित्येक रोग्यांचं भलं होईल, असं काहीबाही पुटपुटला आणि निरोप घ्यायला बाबांसमोर वाकला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, मग लेकीकडे वळले.

"बाय, यो कोण?"

ती सांगेल ते बाबांना पटायचं, हे युजीनला ठाऊक होतं. तो तिच्या तोंडाकडे बघत थांबला.

"पाहुणे आहेत, बाबा," अँजेलिना म्हणाली. "जेवून निघालेत."