कानामागचे दोन चौकोन

डॉक्टर माधुरींसमोर बसल्यावर पेशंट आधी खर्च विचारत. जयमालानं विचारलं, "किरणानं कातडी उडवता, मग नवी येते कुठून?"

जयमाला भिंगारच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सहा वर्षांची असताना पाथर्डीकडच्या गावी तिला देवी आल्या होत्या आणि जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेल्या होत्या. त्यांची तिला आता सवय झाली होती. अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात नगरमध्ये कातडीच्या डॉक्टर माधुरींकडे लेसरचं यंत्र आल्याचं तिनं पेपरात वाचलं, तेव्हा खड्डे बुजतील की नाही यापेक्षा ते बुजतात कसे, याचंच कुतूहल तिला जास्त लागलं.

"किरण पडला की कातडीतल्या पाण्याची क्षणात वाफ होते," डॉक्टर म्हणाल्या. "वरचा थर उडतो. खालच्या थराला धग लागते आणि तो नवे धागे विणायला लागतो. वरची कातडी कडांकडून सरकत येते, थोडी केसांच्या मुळांतूनही."

"कडांकडून येते, तर कडा वाढवल्या तर? सगळं सोलण्यापेक्षा ठिपके ठिपके मारले आणि मधली कातडी तशीच ठेवली तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला शिकवलं ते सबंध गाल सोलायचं. पण आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग राहतात, त्याची मलाही धास्ती आहे. कानामागं करून बघायचं? एक चौकोन सबंध, एक ठिपक्यांचा."

जयमाला लगेच हो म्हणाली. सुई टोचून जागा बधिर केली, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला. टक टक आवाज आला आणि केस जळाल्यासारखा वास सुटला. दुखलं मात्र नाही.

कानामागचं स्वतःला दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तिची आई भागिरथी बघून सांगायची आणि जयमाला वहीत लिहायची. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "ठिपक्याच्या खपल्या गळाल्या बघ. दुसरा आजून वलाच हाय." सबंध चौकोन वाळायला बारा दिवस लागले आणि महिन्यानं तो काळपट पडला. ठिपक्यांचा चौकोन नुसता गुलाबी होता.

आईनं त्यावरून हलकेच बोट फिरवलं. मग ती तिथंच बसून राहिली.

"काय झालं?"

"लस टोचनारा आला हुता गावात, तवा म्याच तुला धान्याच्या कनगीमागं दडवलं. पोरीला ताप यील म्हनून. तुज्या गालाकडं बगितलं की त्योच दिस आठवतो मला."

जयमालाला हे कधीच माहीत नव्हतं. तिनं वही मिटली. राग यायला हवा होता, पण तिला डोळ्यांसमोर एक घाबरलेली बाई दिसली, आत्ताच्या तिच्याहूनही वयानं लहान.

"लसीनं काय होतं, हे तुला कुणी समजावून सांगितलं होतं का?"

"न्हाई. नुस्ते दारात हुबं ऱ्हायले आन् पोरं काढा म्हनले."

त्या संध्याकाळी जयमालानं तिला लस म्हणजे काय ते सगळं सांगितलं. आई मधे मधे प्रश्न विचारत राहिली.

काळपट चौकोन निवळायला लागल्यावर डॉक्टरांनी दिवाळीच्या सुट्टीत गालांवर ठिपक्यांचाच पहिला हप्ता केला. पुढं महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं आणखी दोन झाले. उन्हात पदर ओढून फिरावं लागलं. चेहरा काही कोरा झाला नाही. पसरट खड्डे उथळ झाले, खोल होते ते राहिले. जयमालाला तेवढं पुरेसं वाटलं. डॉक्टरांनी मात्र तिच्या वहीची नक्कल मागून घेतली आणि पुढच्या पेशंटलाही आधी कानामागं करून बघू लागल्या.

तिसऱ्या हप्त्याला भागिरथी हट्टानं बरोबर आली होती. जयमाला टेबलावर आडवी झाल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "बाई, मला बी एक चष्मा द्या. कातडीची वाफ कशी व्हते ती बगायचीय मला."

डॉक्टरांनी तिला चष्मा दिला आणि यंत्राजवळ उभं राहायला जागा करून दिली.